वस्तूंपेक्षा झीज बघा

कामगारवस्तीतली छोटी संग्रहालयं अर्ध्या तासात बघून होतात, हे मान्य. नुसत्या पाट्या वाचल्या तर त्याहूनही लवकर. पण तिथे वस्तूंपेक्षा त्यांची झीज बघावी. न्यूयॉर्कचं टेनेमेंट म्युझियम घ्या. ९७ ऑर्चर्ड स्ट्रीटची ही भाडेकरूंची इमारत १८६३ सालची. नव्या नियमांप्रमाणे सुधारणा करण्याचा खर्च नको म्हणून १९३५ साली मालकाने बिऱ्हाडंच बाहेर काढली (मालक सगळीकडचे सारखेच!). खालची दुकानं चालू राहिली, वरचे मजले पन्नासेक वर्षं बंद. १९८८ साली ते पुन्हा उजेडात आले तेव्हा भिंतींवर वॉलपेपरचे थरावर थर तसेच होते. रंगरंगोटी झाली असती तर सगळं गेलं असतं. राजवाड्यातल्या चकचकीत खुर्च्यांपेक्षा मला हे पोपडे जास्त बोलके वाटतात.

कुठे पगाराची पावती मांडलेली दिसली, तर एकूण रकमेआधी कपातीचे रकाने वाचा. आणि टेबलापाशी बसलेल्या स्वयंसेवकांशी बोला. बरेचदा ते त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले असतात. "हे यंत्र चालवायचे कसे?" एवढं विचारलं तरी पुरतं. फक्त बंद व्हायच्या वेळेला जाऊ नका.