मदत हवी आहे: रस्टमधून ब्राउझरचं इंटल वापरताना मराठी आकड्यांचा घोळ

नमस्कार मंडळी. ऐरोलीला राहतो. आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्स बिलांसाठी घरच्या घरी एक छोटं वेब ॲप करतोय. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहून वेब-असेम्ब्लीत (ब्राउझर थेट चालवू शकतो अशा कोडमध्ये) कंपाइल करतो. आकडे-तारखांसाठी आयसीयू४एक्स ही रस्टची लायब्ररी घेतली असती, पण लोकेलचा (भाषा-प्रदेशानुसार आकडे-तारखा लिहायच्या पद्धतींचा) डेटा सोबत न्यावा लागतो. तोच डेटा ब्राउझरमध्ये आधीच आहे, मग ओझं कशाला? म्हणून जेएस-सिस या क्रेटच्या (रस्टच्या लायब्ररीच्या) जोडणीतून थेट इंटलचं, म्हणजे जावास्क्रिप्टमधल्या भाषेनुसार मांडणी करणाऱ्या सोयीचं, नंबरफॉरमॅट वापरतोय.

पहिली ठेच: नंबरफॉरमॅटचं फॉरमॅट हे थेट कॉल करायचं मेथड नसून गेटर (नुसतं वाचलं की किंमत देणारा गुणधर्म) आहे, फंक्शन परत देतं. ते आधी हातात घेऊन मग कॉल करायचं, हे कळायला अख्खा रविवार गेला. आता १२३४५६ चं झकास '१,२३,४५६' होतं, कारण मराठी लोकेलचे मूळ अंक देवनागरीच.

खरी अडचण उलट्या वाटेवर. खजिनदार काका तोच आकडा कॉपी करून रकमेच्या चौकटीत टाकतात आणि रस्टचं पार्स (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) एरर देतं. इंटलमध्ये आकडा वाचायची सोय नाही. सध्या यू+०९६६ ते यू+०९६एफ (युनिकोडमधले देवनागरी ० ते ९) हे अंक कोडमध्ये हाताने बदलतो, स्वल्पविराम काढतो. चालतं, पण जुगाड वाटतो.

फॉरमॅट-टू-पार्ट्सवरून (इंटलचं आकड्याचे तुकडे वेगळे करून देणारं मेथड) अंक आणि विभाजक ओळखून उलटा तक्ता कुणी बनवलाय का? की लोकेलला 'यू-एनयू-लॅटन' ही अंक-पद्धतीची खूण जोडून इंग्रजी अंकच दाखवू? काका मात्र त्याला राजी नाहीत.