सोसायटीत गरम पाण्यासाठी हीट पंप: मुंबईत सबसिडी किंवा करसवलत कुणी मिळवली आहे का?

मंडळी, मदत हवी आहे.

मुलुंडला आमची १६ घरांची जुनी सोसायटी आहे. गच्चीवर सौरबंब आहे, पण शेजारच्या जागेचा पुनर्विकास होऊन टॉवर उभा राहिला आणि दुपारी दोनलाच पॅनेलवर सावली यायला लागली. थंडीत सकाळी नळाला पाणी येतं ते जेमतेम कोमट. बहुतेक घरांत आईवडील सत्तरीपुढचे आहेत. संधिवाताच्या माणसाला कोमट पाण्याने भागत नाही, म्हणून हे काम मला यंदा मार्गी लावायचंच आहे.

हीट पंप म्हणजे उलटा चालणारा एसी. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो. आपल्या उबदार, दमट हवेत तो चांगला चालतो. १०० लिटर पाणी २५ वरून ५० अंशांवर न्यायला गीझरला साधारण ३ युनिट लागतात, हीट पंपाला १ च्या आसपास. पण सुरुवातीचा खर्च मोठा आहे आणि सभासद तिथेच अडलेत.

एका विक्रेत्याने मीटिंगमध्ये ठोकून दिलं, "३० टक्के टॅक्स परत मिळतो." शोधलं तर ती अमेरिकेतली सवलत निघाली. तिथल्या आयकरातलं कलम २५सी, खर्चाच्या ३० टक्के, कमाल २,००० डॉलर. तीही ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या पंपांना नाही. खोट्या आशेवर लोकांकडून वर्गणी घ्यायची माझी तयारी नाही.

छतावरच्या सौर विजेसाठी केंद्राची पीएम सूर्यघर योजना आहे, तिच्यात सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात. जिन्याच्या खोलीवरच्या स्लॅबवर अजून चांगलं ऊन असतं, तिथे ३ किलोवॅटची वीज पॅनेल बसतील, म्हणजे ५४,००० रुपये. सोसायटीच्या त्या सामायिक मीटरवर हीट पंप जोडलेला महावितरणला चालतो का? आणि पुण्यात सौरबंबाला मिळकतकरात सवलत आहे, तशी मुंबईत मालमत्ता करात हीट पंपावर कुणाला मिळाली आहे का? प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

सूर्यघरची सबसिडी फक्त सोलरची, हीट पंपाची नाही. दोन्हींची कोटेशनं वेगळी घ्या, नाहीतर विक्रेते आकडे एकत्र करून दाखवतात. राहत्या घरासाठी आयकरात वजावट नाही. हॉटेलं, हॉस्पिटलं घसारा लावतात ते धंद्याचं यंत्र म्हणून.

सामायिक मीटरबद्दल सोसायटीच्या लेटरहेडवर महावितरणच्या उपविभागाला पत्र द्या आणि लेखी उत्तर घ्या. सूर्यघरचा अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर आधी, काम नंतर. पॅनेल डीसीआर, म्हणजे देशी सेलचीच हवीत. पैसे नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा) लागून तपासणी झाल्यावर येतात, तोवरची सोय सोसायटीलाच करावी लागते. घरटी १०० लिटर धरलं तर पंपाला महिन्याला ४८० च्या आसपास युनिट लागतील. ३ किलोवॅटमधून सरासरी ३५० निघतात, पावसाळ्यात बरेच कमी.

माझ्या मते तुमची खरी बचत सौरबंबाच्या टाकीत आहे. टाकी आणि गरम पाण्याची पाइपलाइन शाबूत असेल तर हीट पंप त्यालाच जोडता येतो. आधी प्लंबरकडून टाकी आतून गंजली आहे का ते बघून घ्या, मगच कोटेशन मागवा. आणि त्यात सीओपी, म्हणजे एक युनिट विजेत किती युनिट उष्णता मिळते तो आकडा, किती तापमानाच्या हवेला मोजलाय ते लिहून मागा.