प्रतिसाद: पासवर्ड न विचारताच परवानगी का नाकारली जाते?

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवणारा प्रोग्राम) व्यवस्थित चालते, पण एक्सआरडीपीने (दुसऱ्या संगणकावरून डेस्कटॉप वापरू देणाऱ्या सेवेने) जोडल्यावर प्रशासकीय प्रोग्रामचे आयकॉन दाबले की पासवर्डही न विचारता परवानगी नाकारली जाते, असे मूळ प्रश्नात म्हटले आहे. त्यावर रूटनेच (सर्वाधिकार असलेल्या खात्यानेच) लॉगिन करण्याचा जो सल्ला वर आला आहे, तो मला धोक्याचा वाटतो.

दोष बहुधा पोलकिटच्या, म्हणजे कोणाला कोणती प्रशासकीय कृती करू द्यायची हे ठरवणाऱ्या सेवेच्या, धोरणात आहे. पोलकिट प्रत्येक कृतीसाठी तीन वेगळ्या परवानग्या ठेवते: यंत्रासमोर बसलेल्याच्या सक्रिय सत्रासाठी, तिथल्याच निष्क्रिय सत्रासाठी आणि इतर कोणासाठीही. एक्सआरडीपीच्या सत्राला 'सीट' (यंत्राला जोडलेला पडदा व कीबोर्ड) नसल्यामुळे ते तिसऱ्या वर्गात जाते आणि तिथे 'नाही' लिहिलेले असेल तर पासवर्डची खिडकी उघडतच नाही. पीकेअ‍ॅक्शन ही आज्ञा व्हर्बोज पर्यायासह चालवली की त्या कृतीच्या तिन्ही नोंदी समोर येतात. नोंदीत पासवर्डची अट असूनही खिडकी येत नसेल, तर त्या सत्रात ती खिडकी दाखवणारा पोलकिटचा एजंट सुरू आहे का ते पाहावे. हलक्या डेस्कटॉपवर तो पुष्कळदा राहून जातो.

उपाय म्हणून ईटीसीमधील पोलकिट-१ च्या रूल्स डॉट डी फोल्डरमध्ये, फक्त त्या कृतीपुरता आणि सुडो गटापुरता, प्रशासकाचा पासवर्ड मागणारा नियम लिहावा. सरसकट 'यस' (पासवर्डशिवाय परवानगी) देऊ नये. डेबियन १२ च्या आधीच्या आवृत्त्यांत आणि उबुंटू २२.०४ मध्ये मात्र पोलकिट ०.१०५ असल्याने हे जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले नियम वाचलेच जात नाहीत, तिथे जुन्या पद्धतीची पीकेएलए नियम-फाइल लागते.