महापौरपदाच्या दावेदाराला आधी काय विचारावे?

प्रश्न (मंगळवार पेठ, कोल्हापूर)

आमच्या प्रभागातून उभे असलेले एक उमेदवार परवा घरी येऊन गेले. त्यांच्या पक्षाचे संख्याबळ जमले तर महापौरपदासाठी त्यांचेच नाव पुढे येईल, असे तालमीत सगळे बोलतात. काळम्मावाडी धरणातून येणाऱ्या थेट पाइपलाइनचे पाणी रोज पुरेशा दाबाने, खड्डेमुक्त रस्ते, रंकाळा तलावाचे सुशोभीकरण, महापालिकेच्या केएमटी बससेवेला नव्या बस, अंबाबाई मंदिराजवळ वाहनतळ आणि हद्दवाढ, असे सहा विषय त्यांच्या पत्रकात आहेत. यातला एकही अनावश्यक नाही. परंतु आधी कोणता हाती घेणार आणि पैसा कोठून आणणार, याविषयी पत्रकात एक ओळही नाही. रविवारच्या कोपरा सभेत दोन प्रश्न विचारण्याची संधी मिळेल. ते कोणते असावेत?

उत्तर १ (महापालिकेच्या लेखा विभागातून निवृत्त)

प्रथम महापौरांच्या हातात काय असते ते पाहावे, म्हणजे प्रश्न योग्य ठिकाणी लागेल. १९४९ च्या महापालिका अधिनियमानुसार अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे असतात. महापौर नगरसेवकांमधून अडीच वर्षांसाठी निवडले जातात आणि सर्वसाधारण सभेचे अध्यक्षपद भूषवतात. त्यामुळे "मी रस्ते करून देतो" या वाक्याला तसा अर्थ नाही. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे मांडतात, समिती ते दुरुस्त्यांसह सभेपुढे आणते, आणि त्या वेळी कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या कोणत्या खात्यात, किती तरतूद राहते यावरच पुढचे वर्ष ठरते. मी अनेक अंदाजपत्रके जवळून पाहिली आहेत. सभेत टाळ्या ज्या कामांना मिळतात आणि वर्षअखेर पैसा ज्या कामांवर खर्च झालेला दिसतो, ती कामे क्वचितच एक असतात. म्हणून विचारायचे ते असे की, पहिल्या अंदाजपत्रकात आपण कोणत्या तरतुदीला हात लावू देणार नाही? नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपून कारभार प्रशासकांकडे गेला. त्यानंतर येणाऱ्या सभागृहाला हे विचारलेच पाहिजे.

हद्दवाढीविषयी थोडक्यात सांगतो. १९७२ मध्ये महापालिका झाली तेव्हापासून शहराची हद्द वाढलेली नाही, हे खरे. पण निर्णय राज्य शासनाचा आहे आणि विरोध भोवतालच्या गावांचा आहे. महापौर ठराव करून पाठवू शकतील आणि त्या गावांत जाऊन बसू शकतील, एवढेच.

उत्तर २ (शुक्रवार पेठ)

माझ्या मते पत्रकात नसलेला विषयच पहिला असायला हवा, आणि तो म्हणजे नाले आणि पूर. पंचगंगा नदीवरील राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही वेळी पंचगंगेने ५५ फूट ओलांडले. २०२१ मध्ये आमच्या घरात पहिले पाणी दारातून आले नाही, ते मोरीतून आले. नदी अजून गल्लीच्या तोंडाशीही नव्हती, तेव्हाच मोरीच्या जाळीतून काळे पाणी बुडबुडे काढत वर येऊ लागले. आम्ही वाळूचे पोते ठेवून त्यावर पाटा ठेवला, तरी पहाटेपर्यंत स्वयंपाकघरात घोटाभर पाणी होते. नदी चढली की नाल्याचे पाणी पुढे जाऊ शकत नाही, ते मागे फिरते आणि वाट मिळेल तिथून घरात शिरते.

राधानगरी धरणातून किती पाणी सोडायचे किंवा कर्नाटकातील अलमट्टी धरणाची पातळी किती ठेवायची, हे महापौरांच्या हातात नाही. जयंती नाला आणि दुधाळी नाला मात्र शहराच्या हद्दीत आहेत. त्यांतील गाळ मेअखेर खरोखर निघाला का, पात्रात भराव पडतो का, पूररेषेच्या आतील बांधकामांकडे डोळेझाक होते का, हे सगळे सभागृहात विचारता येते. शिवाय हे काम फक्त पुरापुरते नाही. जयंती नाल्याचे मैलापाणी उपसून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्राकडे न्यावे लागते. उपसा थांबला की ते थेट पंचगंगेत जाते आणि खाली शिरोळपर्यंतची गावे तेच पाणी वापरतात. आपल्या शहराची घाण दुसऱ्याच्या घागरीत जाऊ नये, ही साधी गोष्ट मला कोणत्याही सुशोभीकरणापेक्षा मोठी वाटते.

उत्तर ३ (फुलेवाडी)

वरील मताचा आदर करूनही पाणी मागे टाकू नये, असे मला वाटते. काळम्मावाडीचे पाणी नोव्हेंबर २०२३ मध्ये पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत आले, आणि त्यासाठी शहराने किती वर्षे वाट पाहिली हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु तिथून नळापर्यंतच्या जुन्या वाहिन्या गळत राहिल्या तर धरणाचे पाणी रस्त्याखालीच मुरते. दुसरे असे की, २०१९ च्या महापुरात नदीकाठची उपसा केंद्रे पाण्याखाली गेली आणि पूर न आलेल्या आमच्या भागातही दिवसेंदिवस टँकरची वाट पाहावी लागली. त्यामुळे पूर आणि पाणीपुरवठा हे दोन वेगळे विषय नाहीत. नदीला पूर असताना थेट पाइपलाइनवर किती भाग चालेल, हे उमेदवाराने सांगितले पाहिजे. रस्त्यांचे म्हणाल तर आधी वाहिन्या बदलून मगच डांबर टाकावे, इतकाच आग्रह धरा.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. मोरीचे वाचून आमच्या आत्याच्या घराची आठवण झाली. दुधाळीत त्यांच्या भिंतीवर पुराच्या दोन रेघा अजून आहेत. पहिला प्रश्न असा विचारतो: नालेसफाई, मैलापाण्याचा उपसा आणि जुन्या जलवाहिन्या बदलणे या तीन कामांची तरतूद पहिल्या अंदाजपत्रकात किती धरणार, आणि ती वर्षाच्या मध्यात दुसरीकडे वळवण्याचा ठराव आला तर आपण सभागृहात त्याविरुद्ध बोलणार का? दुसरा प्रश्न पूररेषेतील भरावाविषयी आहे. तो भर सभेत विचारायला थोडे धैर्य लागेल, म्हणून तालमीतील चार-पाच जणांना सोबत नेत आहे. मिळालेले उत्तर रविवारी रात्री इथेच जसेच्या तसे लिहीन.