मागच्या चाकांवरचे वजन: सारखे असावे की उजवीकडे झुकते?

धागाकर्ता (फोंडा):
४०२ मीटरच्या सरळ शर्यतीसाठी मी एक जुनी प्रीमियर पद्मिनी तयार करीत आहे. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, मागे अखंड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध आस) आणि पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), ही तिची रचना सर्वांना ठाऊक आहेच. चालक आसनावर बसलेला असताना मागच्या दोन्ही चाकांखाली वजन सारखे भरले पाहिजे, असे माझे मत आहे. टायरवरचे वजन दुप्पट झाले तरी पकड दुपटीहून कमीच वाढते, त्यामुळे एका चाकावर लादलेला बोजा दुसऱ्याचा तोटा पुरता भरून काढीत नाही. याच हिशेबाने १५ किलोची बॅटरी मी डिकीत डाव्या बाजूला हलवली. अमेरिकी जाणकारही ती प्रवाशाच्या मागे ठेवायला सांगतात. नंतर डिचोलीकडच्या एका वजनकाट्यावर एकेक बाजू चढवून पाहिली, तेव्हा दोन्ही आकडे सारखे आले. आता मागचे वजन वाढवायला डिकीत ४० किलोची लोखंडी पट्टी बोल्टने बसवण्याचा विचार आहे. एवढे करूनही सुटताना रस्त्यावर घसरत्या टायरचा काळा पट्टा एकट्या उजव्या चाकाचाच उमटतो, हे मात्र मान्य केले पाहिजे.

प्रतिसाद (म्हापसा):
तो पट्टाच आपल्या मताविरुद्ध साक्ष देत आहे. उभ्या गाडीचे वजन सारखे करून आपण नेमका तो क्षण सोडून दिलात, ज्यासाठी ही सारी खटपट आहे. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा जोर मागे नेणारा दांडा, मागून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो आणि अखंड अ‍ॅक्सललाही त्याच दिशेने पिळतो. परिणामी उजवे चाक हलके होते व डावे दाबले जाते. समजा, पहिल्या गिअरमध्ये शाफ्टवर ३५० न्यूटन-मीटर पीळ येतो आणि मागच्या चाकांमधले अंतर १.२५ मीटर आहे, तर उजव्या चाकावरून २८० न्यूटन, म्हणजे साधारण २८ किलोंचा भार उतरून डाव्यावर जातो. साध्या डिफरन्शियलमध्ये (दोन चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरपेटीत) हलक्या चाकाला जेवढी पकड असेल तेवढाच जोर दुसऱ्यालाही मिळतो, म्हणून एक चाक सुटले की दोन्ही गेली.

बॅटरीबाबत तर उलटेच घडले आहे. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, म्हणून ‘प्रवाशाच्या मागे’ याचा अर्थ तिथे उजवे मागचे चाक असा होतो. आपल्याकडे तीच जागा डावीकडे येते. शब्द आणले, बाजू आणायची राहिली! शिवाय ट्रकच्या काट्याचा आकडा पाच-दहा किलोंच्या टप्प्यांनी बदलतो, आणि काट्यावर एक बाजू चढवली की पुढचे व मागचे चाक एकत्र मोजले जाते. चारही चाकांखाली वेगवेगळे काटे ठेवल्याशिवाय मागच्या चाकांविषयी काहीच ठामपणे म्हणता येणार नाही.

प्रतिसाद (मडगाव):
म्हापशाचे निदान बरोबर आहे, परंतु त्यावरून उजव्या पाट्यावर कायमचा ताण चढवून ठेवावा असा निष्कर्ष कोणी काढला तर माझा विरोध राहील. अ‍ॅक्सलला पिळणारा शाफ्ट गाडीच्या सांगाड्याला उलट दिशेने पिळतो, आणि तो पीळ मागच्या स्प्रिंगांतून जितका परत येईल तितके उजवे चाक पुन्हा दाबले जाते. मागे जाड अँटी-रोल बार (गाडीचे एका बाजूला झुकणे रोखणारी सळई) बसवला व पुढची बाजू मऊ ठेवली, तर बराचसा भार आपोआप परततो, तोही पीळ असेल तोवरच. पाट्यावर चढवलेला ताण मात्र शर्यतीच्या शेवटीही तसाच राहतो. तो उजव्या मागच्या आणि डाव्या पुढच्या चाकावर जास्त भार ठेवतो, त्यामुळे भर वेगात ब्रेक दाबताच पुढची दोन चाके असमान धरतात आणि गाडी एका बाजूला ओढते.

प्रतिसाद (वास्को):
आमची मारुती एस्टीम पुढच्या चाकांवर ओढते, त्यामुळे आमचे दुखणे वेगळे. ९०० किलोंची गाडी, गुरुत्वमध्य अर्ध्या मीटरवर, पुढच्या-मागच्या चाकांत २.३६५ मीटर अंतर आणि अर्धा ‘जी’ (गुरुत्वाकर्षणाच्या निम्मी) वेग-वाढ धरली, तर सुमारे ९५ किलो भार पुढून मागे सरकतो. तुम्हाला ते दान मिळते, आमचे तेवढे चोरीला जाते.

धागाकर्ता (फोंडा):
बॅटरीची चूक मान्य. ती उजवीकडे जाईल. पण चालकाचा हिशेबही मांडतो. ७५ किलोंचा चालक मध्यरेषेपासून ३५ सेंटिमीटर उजवीकडे बसला, तर दोन बाजूंत एकूण ४२ किलोंचा फरक पडतो, त्यातला निम्मा मागे धरला तरी उजवे चाक डाव्याहून २१ किलोंनी जड होते. पिळामुळे उजवीकडून २८ उतरून डावीकडे २८ चढतात, म्हणजे फरक ५६ किलोंचा; सांगाड्याने निम्मा पीळ परत केला, तर सुटताना मागच्या चाकांत २८ किलोंचा फरक उरतो. म्हणजे चालकाने तो बहुतांशी आधीच फेडलेला आहे, आणि राहिलेले सात किलो बॅटरीच भरून काढील. मग पाट्याला हात कशाला लावायचा? लोखंडी पट्टी मात्र मी बसवणार. ती अ‍ॅक्सलच्या ८० सेंटिमीटर मागे असेल, तर ४० किलोंच्या बदल्यात मागच्या चाकांवर जवळजवळ ५४ किलो पडतात.

प्रतिसाद (म्हापसा):
आणि पुढची चाके जवळजवळ १४ किलोंनी हलकी होतात, हेही लिहा. धावेचा वेळ साधारणपणे वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतो. ९०० वर ४० किलो चढवले, तर १५ सेकंदांच्या धावेत सुमारे दोन दशांश सेकंद जातात. तेवढे पहिल्या १८ मीटरमध्ये परत मिळतील असे आपण दाखवून द्या, मी शब्द मागे घेईन. तोवर पट्टी फोंड्यातच राहू द्या, आणि शर्यतीसाठी घाट ओलांडण्यापूर्वी बॅटरी उजवीकडे ठेवून काळे पट्टे किती उमटतात ते येथे कळवा.