कमोडचा फ्लश नीट होत नाही, काय बदलू? (बजेट ५०० रु.)

गवतीचहा: जमिनीवर बसवलेला वेस्टर्न कमोड, मागे भिंतीला १० लिटरची प्लॅस्टिक टाकी, दोन बटणं. पाणी बोअरचं, फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर. मोठं बटण दाबलं तरी पाणी नुसतं फिरतं, सगळं वाहून जात नाही. टाकी भरायलाही १० मिनिटं लागतात. प्लंबर न बोलावता ५०० रुपयांत काय होईल?

नळकोंडाळे: टाकी काढा, भिंतीतली कन्सील्ड बसवा. आमच्याकडे तीच आहे, बघायचं काम नाही.

पाचवा_मजला: अहो, त्या ५०० म्हणतायत आणि तुम्ही टाइल्स फोडायला सांगताय!

झारी: आधी दोष कुठे आहे ते बघा. बादलीत ७-८ लिटर पाणी घेऊन कमोडमध्ये एका दमात ओता. सगळं खेचून गेलं तर ट्रॅप (कमोडखालचं पाणी साठणारं वळण) आणि लाइन मोकळी, दोष टाकीत किंवा रिमच्या, म्हणजे कमोडच्या वरच्या कडेखालच्या, भोकांत. पाणी वर चढून सावकाश उतरलं तर चोकअप. ओतताना नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या जमिनीतली जाळी) गुडगुडला तर पुढची लाइन किंवा गच्चीवरचा वेंट पाइप (लाइनमध्ये हवा खेळवणारा) तुंबलाय. त्याची जाळी गेली असेल तर आत कबुतरांच्या काड्या सापडतील.

बंड्या_७७: ॲसिड ओता एक बाटली. विषय संपला.

पाचवा_मजला: आणि तासाभरापूर्वी ब्लीच टाकलेलं असेल तर क्लोरीन गॅस होऊन माणूसही संपला. दोन्ही कधीच एकत्र नको. कॉस्टिक सोड्यावर ॲसिड टाकलं तर उकळून अंगावर उडतं, तेही नको.

सांडशी: टाकीबिकी सोडा, भिंतीवरचा दाबायचा फ्लश व्हॉल्व्ह लावा. मेटलचा घ्या. काय जोर असतो!

झारी: वरच्या मजल्यावर चालणार नाही. त्याला साधारण १ बार दाब लागतो, म्हणजे १० मीटर उंचीवरचं पाणी. गच्चीतली टाकी त्यांच्या डोक्यावर जेमतेम ३-४ मीटर, म्हणजे ०.३-०.४ बार. शिवाय ३२ मिमीची वेगळी लाइन हवी.

सांडशी: आमच्याकडे चालतो.

झारी: तुम्ही कितव्या मजल्यावर?

सांडशी: पहिल्या. पण मुद्दा तो नाही.

नळकोंडाळे: म्हणूनच कन्सील्ड म्हणतोय.

मीठभाकर: गवतीचहा, टाकीचं झाकण उघडून बघा. उन्हाळ्यात पाणी वाचवायला कुणी आत बाटली किंवा वीट ठेवली आहे का? १ लिटरची बाटली म्हणजे १ लिटर पाणी कमी. वीट तर विरघळत जाते आणि तिचा चुरा टाकीच्या तळाशी पाणी अडवणाऱ्या वॉशरखाली अडकतो.

बंड्या_७७: बाटलीने पाणी वाचतं. तीनदा फ्लश केला तर मात्र नाही, हे मान्य.

झारी: +१ मीठभाकर. टाकी हळू भरणं आणि फ्लश कमजोर असणं हे दोन वेगळे आजार आहेत. हळू भरण्यासाठी: अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ) पूर्ण उघडा आहे ना ते बघा. मग तो बंद करून कनेक्शन पाइप सोडवा. बॉल कॉकच्या (टाकी भरली की पाणी बंद करणारा व्हॉल्व्ह) तोंडात बारीक जाळी असते, बोअरची रेती तिथेच साठते. जुन्या टूथब्रशने घासा. काही व्हॉल्व्हमध्ये दाब कमी करणारा प्लॅस्टिकचा छोटा तुकडा असतो, वरच्या मजल्यावर तो काढून टाकावा.

कमजोर फ्लशसाठी: भरलेलं पाणी टाकीतल्या उभ्या ओव्हरफ्लो पाइपच्या तोंडापेक्षा २-२.५ सेंमी खाली हवं. त्याहून खाली असेल तर बॉलचा स्क्रू फिरवून वर घ्या. त्यानंतर हातातला आरसा कमोडच्या कडेखाली धरा. बोअरच्या क्षारांनी भोकं बुजलेली असतात, माझी पैज यावरच. लिंबूसत्त्व (ढोकळ्यात घालतात ते) १०० ग्रॅम, १ लिटर कोमट पाण्यात. जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या त्यात भिजवून कडेखाली रात्रभर दाबून ठेवा. सकाळी बांबूच्या काडीने भोकं मोकळी करा. तारेने ग्लेझला ओरखडे पडतात आणि क्षार तिथेच पुन्हा धरतो.

सांडशी: क्षारच असणार, मीही हेच म्हणणार होतो.

मीठभाकर: टाकीत नीळ टाकून अर्धा तास थांबा. न दाबता कमोडमध्ये निळं पाणी उतरलं तर वॉशर गळतोय. तोही बदला, स्वस्त असतो.

गवतीचहा: सगळ्यांचे आभार. बादलीचं पाणी झटक्यात गेलं. टाकीत १ लिटरची बाटली निघाली, सासूबाईंनी ठेवलेली! नीळ उतरली नाही. आरशात निम्मी भोकं पांढरी दिसली. तरी नवी टाकीच मागवली, १४०० रुपयांना. जुनी पिवळी पडली होती आणि बटणंही अडकायची.

झारी: भोकं बुजलेली राहिली तर नव्या टाकीचं पाणीही तसंच फिरेल. निदान जुनी काढाल तेव्हा फ्लश पाइप कमोडच्या मागच्या तोंडातून निघेलच. त्या तोंडातून लिंबूसत्त्वाचं पाणी ओता, थेट रिममध्ये जातं. भोकांवर खालून चिकटपट्टी लावा म्हणजे पाणी आत टिकेल. रात्रभर तसंच ठेवा. पाइप आणि कमोडमधलं रबर नवं घाला, जुनं परत बसवलं की ठिबकतं.

गवतीचहा: रबर कुठल्या मापाचं?

झारी: जुनं सोबत घेऊन दुकानात जा.

नळकोंडाळे: कन्सील्डला हे रबर बाहेर दिसतच नाही.