क्रिटिकल थिंकिंग : गंभीर, टीकात्मक की चिकित्सक?

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवते. मराठी टिपणं काढताना 'क्रिटिकल थिंकिंग'पाशी अडले आहे. एका भाषांतरात चक्क 'गंभीर विचार' सापडला! 'पेशंट क्रिटिकल आहे'वरून उचललं असणार. 'टीकात्मक' लिहिलं तर मुली विचारतात, टीका कोणावर करायची, डॉक्टरांवर? काय लिहू?

— 'चिकित्सक विचार' लिहा. चिकित्सा हा मुळात वैद्यकाचाच शब्द. चरकसंहितेत 'चिकित्सास्थान' आहेच. आणि 'विचिकित्सा' म्हणजे शंका. कठोपनिषदात मेल्यावर माणूस उरतो की नाही, ही 'विचिकित्सा' नचिकेता यमापुढे ठेवतो. गंमत म्हणजे 'क्रिटिकल'ही ग्रीक 'क्रिनेइन'वरून, म्हणजे निवडणं, निवाडा करणं. 'क्रायसिस'ही तिथलाच : आजार कुठे वळणार ते ठरण्याची घडी. तेव्हा तुमचे दोन्ही क्रिटिकल भावंडंच.

— पण बोलण्यात 'भारी चिकित्सक बाई आहे' हे कौतुक नसतं हो. दुकानात पन्नास साड्या उलगडायला लावून रिकाम्या हाताने उठणारी डोळ्यांसमोर येते.

— वॉर्डात तीच बाई हवी! तीस वर्षं सिस्टर होते, म्हणून सांगते. डिगॉक्सिन या हृदयाच्या गोळीच्या आधी नाडी बघायची, मोठ्या माणसात ६०च्या खाली असेल तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं, हे सगळ्यांना पाठ. समजा नाडी ६४ आहे. नियमाने गोळी द्यायला हरकत नाही. पण आजोबा कालपासून जेवत नाहीत, मळमळतंय म्हणतात, दिवा पिवळा दिसतो म्हणतात. शिवाय लघवी होण्याची गोळी चालू, म्हणजे पोटॅशियम उतरलेलं असू शकतं, आणि मग डिगॉक्सिन जास्त बाधतं. डिगॉक्सिन अंगात जास्त झाल्याचीच ही लक्षणं. चिकित्सक सिस्टर गोळी हातात धरून आधी डॉक्टरांना फोन लावते. दुसरी चार्टवर सही करून पुढच्या खाटेकडे जाते.

— 'सारासार विचार' का नको? सोपा आहे, घरोघरी चालतो.

— चालतो, पण त्यात समजूतदारपणा जास्त, उलटतपासणी कमी. 'गप्प बस, सारासार विचार कर' असंच ऐकत आलोय आपण.

— ठरलं, 'चिकित्सक विचार'. खाली आजोबांचं उदाहरण घेते, नाडी ६४.

— घ्या, पण नाडी मनगटावरची लिहू नका. डिगॉक्सिनला छातीवर स्टेथोस्कोप ठेवून, पूर्ण एक मिनिट. अर्ध्या मिनिटाची दुप्पट नाही चालत.